समोरच्या बाजूचा डफ

आमच्या हरीशला देवानं जीभ दिली खरी, पण ती वापरायची असते हे सांगायचं राहून गेलं असावं. मी त्याची थोरली बहीण, प्रभा. लहानपणी त्याचं अर्धं बोलणं मीच बोलले, मास्तरांपुढं, दुकानात, पाहुण्यांत. आता त्याच्याविषयी सांगायचं तर तेही माझ्याच गळ्यात आलंय. तो पलीकडच्या खोलीत बसून ऐकतोय, ऐकू दे.

मिरजेला नर्सिंग करून मी चौऱ्याहत्तर साली कुवेतला आले. वर्षभरानं हरीश आला, एक्स-रे टेक्निशियन म्हणून. अबू हलीफाला दोन खोल्यांचा फ्लॅट होता आमचा. समुद्र जवळच, पण दिसायचा फक्त न्हाणीघराच्या झरोक्यातून, तोही बादली पालथी घालून वर उभं राहिलं तर. माझं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं, आणि हरीशचं जमवायला गेलं की मुलीकडचे विचारायचे, मुलगा मुका आहे का? त्याला अरबी येत होतं ते तीन वाक्यांचं. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. एवढ्यावर त्यानं कुवेतमधल्या हजारो छात्या पाहिल्या.

मराठी माणसं भेटायची शुक्रवारी, सुट्टीला, सलवा भागात कुणाच्या तरी घरी. पोहे, चहा, गाणी, सगळं झकास. पण हरीशला तिथं नेणं म्हणजे शिक्षा. कारण कुणीतरी हमखास विचारायचं, "आवळे म्हणजे कुठले तुम्ही? कुणापैकी?" विचारणाऱ्याच्या मनात काही असेल, नसेलही. पण हरीश "सांगलीकडचे" एवढं पुटपुटायचा आणि पाणी प्यायला उठायचा, तो घरी निघेपर्यंत पाण्याजवळच. मग पुढचं मी बोलायची.

आमचे दादा, म्हणजे वडील, कुस्तीच्या फडात हलगी वाजवायचे. पंचक्रोशीत त्यांना बोलावणं असायचं. हरीश पाचवीत असताना दादा गेले आणि आईनं हलगी फडताळात टाकली. "शिकायचं, मोठं व्हायचं, हिला पुन्हा हात लावायचा नाही. हलगीवाल्याचा पोरगा म्हणून कुणी हाक मारलेली मला खपायची नाही," असं आई म्हणाली होती. मला विचाराल तर मला कधी लाज वाटली नाही. मी नर्स आहे, मोठमोठ्या घरच्या माणसांचं सगळं काढलंय मी या हातांनी. पण हरीशनं आईचा शब्द पाळला. हलगी सोडली, आणि मला वाटतं बोलणंही त्याच वेळी सोडलं.

आता बास्केटबॉल कुठून आला ते सांगते. एक दिवस याच्या टेबलावर एक ताडमाड उंच पोरगा आला, बोट मोडलेला. आमच्या किनाऱ्यावरच्या 'अल-मौज' क्लबचा खेळाडू. हरीशनं त्याचं बोट इतकं हळुवार धरून फोटो काढला की जाताना त्यानं खुणेनं सांगितलं, मॅचला ये. हा गेला. आणि मी? शुक्रवारी घरात बसून भिंती मोजायच्या का? मीही गेले.

तो हॉल अजून माझ्या स्वप्नात येतो. बाहेर हिवाळ्याचं धुकं समुद्रावरून वर चढायचं, रस्त्यावरचे दिवे त्यात विरघळल्यासारखे दिसायचे. आत शिरलं की एकदम पिवळा उजेड, लाकडी फरशी, बुटांची चुर्रचुर्र. चेंडू रिंगवर घुटमळायचा आणि सगळा हॉल श्वास धरून ठेवायचा. आमच्या क्लबच्या बाजूला काही पोरं तेलाचे डबे बडवायची, ताल ना सूर. हरीश ते ऐकून असा कासावीस व्हायचा की बघवत नसे.

सत्त्याहत्तरच्या रजेवर आम्ही गावी गेलो. परत येताना विमानतळावर कस्टमवाल्यानं याची बॅग उघडली, आणि माझ्या जुन्या पातळात गुंडाळलेली दादांची हलगी बाहेर आली! मी बघतच राहिले. आईला न सांगता घेतली होती पठ्ठ्यानं. कस्टमवाल्यानं बोटानं टकटक करून पाहिलं, हसला, आणि जा म्हणाला. इथं हलगी म्हणजे काय, ती कोण वाजवतं, वाजवणाऱ्याचं घर गावात कुठल्या बाजूला असतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हरीशला तेच तर हवं होतं.

हलगी वाजवण्याआधी तापवावी लागते, नाहीतर चामडं सैल पडून आवाज बसतो. गावाकडं दादा पाचटाचा जाळ करायचे. हॉलबाहेर जाळ केला असता तर पोलीसच आले असते. म्हणून हा आमची जुनी डॅटसन गाडी चालू ठेवायचा आणि हलगी बॉनेटवर ठेवून फिरवत राहायचा. पहिल्यांदा मी म्हटलं, "अरे, भाकरी भाजतोयस का?" तो हसला नाही. चामड्याला कान लावून ऐकत होता.

त्या दिवशी मॅच होती शुवैखच्या 'अल-मरसा'शी. गोदीकडचा मोठा क्लब, आमचा पक्का वैरी. आम्ही दक्षिणेचे, ते बंदराचे, आणि मॅचमध्ये नुसतं जिंकणं नसायचं, उट्टं काढणं असायचं. हंगामात दोनदा गाठ पडायची, एकदा आमच्याकडं, एकदा त्यांच्याकडं. तर बॉनेटवर हलगी फिरवताना हरीशनं पाहिलं, चार गाड्या पलीकडं एक माणूस पिकअपच्या बॉनेटवर डफ तापवतोय. पांढरा पायघोळ दिशदाशा, डोक्याला टोपी, भरघोस मिशी. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यावर तोच भाव, चोरी पकडली गेल्याचा.

"शलोनक?" तो म्हणाला. कसा आहेस, म्हणजे.

"ज़ैन, अल्हम्दुलिल्लाह," हरीश म्हणाला. बरा आहे, देवाची कृपा. हे त्याचं चौथं अरबी वाक्य.

बास. एवढंच. पुढं चार-पाच वर्षं, दर मॅचला, दोघांचं संभाषण इतकंच झालं. दोघेही आपापल्या परीनं अरबी बोलणाऱ्या माणसाशी अदबीनं वागत होते.

पण आत गेल्यावर! आमचा क्लब बास्केट करायचा आणि हरीशची हलगी कडाडायची. हा माझा भाऊ? मान ताठ, डोळे मिटलेले, काडी अशी नाचतेय की दिसू नये. पोरांनी तेलाचे डबे खाली ठेवले. तेवढ्यात समोरच्या बाजूनं डफ घुमला. खोल, गोल, बिलकूल घाई नसलेला आवाज, भरतीचं पाणी चढत येतं तसा. हरीशनं डोळे उघडले. एक तुकडा वाजवून थांबला. डफानं तोच तुकडा घेतला, थोडा वळवला आणि परत पाठवला. मग काय विचारता! खाली दहा जण चेंडूमागं धावतायत, वर या दोघांचा वेगळाच सामना. हा विचारतोय, तो सांगतोय. तो चिडवतोय, हा उसळतोय. टाइम-आउट झाला की खेळाडूसुद्धा घाम पुसत वर बघायचे.

त्या रात्री जेवताना हरीश माझ्याशी बोलला. आपणहून! "अक्का, तिसऱ्या तुकड्याला त्यानं मला फसवलं गं. पण पुढच्या खेपेला बघ." मी भाजी वाढायची विसरले.

मग हेच आमचं कॅलेंडर झालं. बाकी मॅचेसही व्हायच्या, हा वाजवायचाही, पण ते हात मोकळा ठेवण्यापुरतं. खरी मॅच अल-मरसाची. तिच्या आधी महिनाभर हा ताटावर, टेबलावर, स्टिअरिंगवर बोटं वाजवायचा. झाल्यावर महिनाभर मला सांगत बसायचा, त्यानं काय केलं, मी काय केलं. माझी शिफ्ट संपवून मी मेलेली असायची, तरी ऐकायची. भावाचा आवाज ऐकायला मिळतोय, झोपेचं काय एवढं?

बायकांसाठी कोपऱ्यात चार ओळी होत्या. तिथं अल-मरसाच्या बाजूची एक बाई यायची, काळा अबाया, चेहऱ्यावर पदर ओढलेला, फक्त डोळे दिसायचे. डोळे हसरे होते. ती मला कलिंगडाच्या खारवलेल्या बियांची पुडी द्यायची, मी "शुक्रन" म्हणायची, आभार म्हणून. मी तिला चकली द्यायची, ती "शुक्रन" म्हणायची. त्या मिशीवाल्या डफवाल्याचीच ती बायको असणार, हे मी ओळखलं होतं. म्हटलं, चांगली आहे हो अरबी बाई.

ब्याऐंशी साली हरीशच्या खात्यातल्या मुस्तफानं पेपर वाचून सांगितलं की लीगची फेरमांडणी होणार. आतापर्यंत सगळे क्लब एकत्र खेळायचे. आता दोन डिव्हिजन. वरचे पहिलीत, खालचे दुसरीत, आणि दोघांची आपसात मॅच नाही. रेषा कुठं आखली? बरोबर आमच्या डोक्यावर. शेवटची मॅच एका बास्केटनं हरलो होतो आम्ही, त्या एका बास्केटनं अल-मौज खाली गेला आणि अल-मरसा वर राहिला.

हरीशला आधी कळलंच नाही. "म्हणजे यंदा अल-मरसाची मॅच केव्हा?" त्यानं विचारलं.

"नाही," मुस्तफा म्हणाला. "यंदा नाही. पुढच्या वर्षीही नाही. तुम्ही वर आलात तर."

डिव्हिजन बदलली म्हणजे नुसती नावं इकडची तिकडं होतात असं मला वाटलं होतं. छे! पहिल्याच महिन्यात दोन चांगले खेळाडू वरच्या क्लबांनी उचलले, त्यातला एक आमचा बोट मोडलेला. कोच मायदेशी गेला. मॅचेस संध्याकाळवरून दुपारी चारला आल्या, कामावरचा माणूस येणार कधी? टीव्हीवर दिसणं बंद. जी मंडळी अल-मरसाला शिव्या द्यायला म्हणून यायची, ती आता कुणाला शिव्या देणार? ज्या क्लबांशी गाठ पडायची त्यांच्याशी ना ओळख ना वैर. वैर जमायलाही वर्षं लागतात, बाबा. हळूहळू हॉलमध्ये एवढीच माणसं उरली की चेंडूचा टप्पा वाजला की त्याचा पडसाद परत यायचा.

हरीश जात राहिला. पहिल्या काही मॅचेसना हलगी नेली. एक तुकडा वाजवायचा आणि सवयीनं थांबायचा. समोरची बाजू रिकामी. पुन्हा वाजवायचा, पुन्हा थांबायचा. मला ते बघवेना. एक दिवस त्यानं हलगी कपाटावर ठेवली. मी विचारलं तर म्हणाला, "उत्तर येत नाही, अक्का." त्यानंतर तो पुन्हा पहिल्यासारखा झाला. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. घरी तेवढंही नाही.

मी घाबरले. स्पष्टच सांगते, घाबरले. आई गेली होती, त्याला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि माझ्यासमोर बसून हा माणूस आत आत चालला होता. मी भांडले. "अरे, शुवैख काय लंकेत आहे? जा की त्यांच्या मॅचला! भेट त्या माणसाला!"

"तिथं कुणाच्या बाजूला बसू?" तो म्हणाला. "त्याच्या क्लबसाठी वाजवू? का त्याच्यासमोर परक्या क्लबसाठी? आणि भेटून बोलू काय, शलोनक?"

मी उठले आणि भांडी घासायला घेतली.

असे दोन हिवाळे गेले. चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत एका दुपारी मी त्याला ओढूनच मॅचला नेलं. बाहेर धूळ उठली होती, सगळं आकाश हळदीच्या पाण्यासारखं. हॉलच्या उंच खिडक्यांतून तोच पिवळा उजेड आत उतरत होता आणि त्यात खेळाडू पाण्याखाली धावल्यासारखे वाटत होते. बायकांचा कोपरा रिकामा, मग मी हरीशशेजारीच बसले, आता कोण हटकणार होतं? माझा डोळा लागत होता. अर्धवट झोपेत मला डफ ऐकू आला. मला वाटलं, स्वप्नच.

पण हरीशनं माझं मनगट असं आवळलं की मी किंचाळले.

समोरच्या रिकाम्या बाजूला, अगदी मधोमध, तो बसला होता. दिशदाशा, टोपी, मिशी आता पांढरी. शेजारी ती अबायावाली. आमच्याशी खेळत होता तो क्लब कुठल्याशा वाळवंटाकडचा, या डफवाल्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. तरी हा डफ वाजवत होता. एक तुकडा वाजवला, थांबला, आणि सरळ हरीशकडं पाहिलं.

आणि हरीशचे हात रिकामे! हलगी घरी, कपाटावर. मी स्वतःला शिव्या घातल्या. हरीश उठला, इकडं तिकडं पाहिलं, आणि कठड्याला लावलेल्या जाहिरातीच्या पत्र्यावर दोन्ही हात आपटले. पत्रा खणखणला. काय वाजवलं त्यानं! बोटं, तळवे, मनगटं, सगळ्यांनी. समोरून डफानं तुकडा उचलला, वळवला, पाठवला. रेफरीनं शिट्टी तोंडात धरली ती तशीच. मग मध्येच डफ अडला, त्या माणसाचा हात थकला असावा. तेव्हा माझा मुका भाऊ कठड्यावरून अर्धा बाहेर वाकला आणि गावाकडच्या बोलीत, फडात ओरडतात तसा ओरडला,

"थांबलास का रं? वाजीव की! हाण!"

एरवी हॉल भरलेला असायचा, कानठळ्या बसायच्या, तिथं कुणाची भाषा कुणाला ऐकू येणार? पण आता दुसरी डिव्हिजन होती. हॉल रिकामा होता. शब्द सरळ पलीकडं गेले. आणि पलीकडून, तितक्याच मोठ्यानं, उत्तर आलं,

"नाय थांबत! तू वाजव, तू!"

मग दोघेही थांबले.

मॅच संपेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. कोण जिंकलं, मला आजही माहीत नाही. संपल्यावर तो माणूस कोर्टवरून चालत आमच्याकडं आला, डफ काखेत.

"मना वाटला तू बलुची," तो म्हणाला.

"मला वाटलं बहरीनचा," हरीश म्हणाला.

त्याच्या बायकोनं तोंडावरचा पदर काढला आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला! ताई, तुम्ही मराठी? आणि मी इतकी वर्षं तुमच्याशी मुकी!"

"आणि मी शुक्रन शुक्रन करत बसले!" मला हसावं की रडावं कळेना. "चकलीला कधी तरी चकली म्हणाला असतात तर?"

तो होता यूसुफ होडेकर, दापोलीकडचा, शुवैखला स्पेअर पार्टच्या गोदामात कामाला. बायको शरीफा. यूसुफभाई हरीशला म्हणाले, "आम्ही वरच्या डिव्हिजनला ऱ्हायलो, लोक बोलले नशीबवान. काय नशीब? समोर मोठे क्लब येतात, त्यांचा बँड येतो, भोंगे येतात. मी वाजवला तर कोण ऐकतो? घरी डफ टांगून ठेवला. आज शरीफाला बोललो, चल, त्या खालच्या डिव्हिजनवाल्याला बघून येऊ, जिता हाय का मेला." मग त्यांनी हरीशचे दोन्ही हात हातात घेतले. पत्र्यानं ते लालबुंद झाले होते. "खरा सांग, कुठचा तू? कुणाचा? हा हात तुला कोणी दिला?"

तोच प्रश्न. सलवातला. आता हा पाणी शोधायला जाणार, दारातून बाहेर, आणि संपलं सगळं. मी तोंड उघडलं, जन्मभर उघडत आले तसं. "आम्ही ना, सांगलीकडचे..."

"थांब, अक्का," हरीश म्हणाला. त्यानं हात सोडवून घेतले नाहीत. "माझ्या वडलांनी दिला. जयराम आवळे. कुस्तीच्या फडात हलगी वाजवायचे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तेच. मी हलगीवाल्याचा पोरगा आहे."

यूसुफभाईंनी विचारलं, "हाय ते अजून?"

"नाहीत. मी पाचवीत होतो, तेव्हाच गेले."

"मग मी त्यांच्याशीच वाजवत होतो म्हण की, इतकी वर्षं," यूसुफभाई म्हणाले.

हरीश हसला, आणि बोलायला लागला. दादांचं, फडाचं, आईचं, सगळं. मी शरीफाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि त्या रिकाम्या हॉलमध्ये आमच्या दादांसाठी मोठ्यानं रडले.